गळाला काय लावावे? : गोदाकाठच्या आमिषविद्येविषयी

'आमिष' हा शब्द आज मराठीत बहुतेक फौजदारी बातम्यांतच भेटतो. नोकरीचे आमिष, लग्नाचे आमिष, दामदुप्पट परताव्याचे आमिष. मूळ संस्कृतात आमिष म्हणजे मांस. 'सामिष' आणि 'निरामिष' हे शब्द त्याच अर्थावर उभे आहेत. पुढे ज्याचा लोभ सुटतो ती वस्तू, आणि मग लोभ दाखवून अडकवण्याचे साधन, असा अर्थ सरकत गेला. गंमत अशी, की ज्या गळाशी आपण हा शब्द जोडतो त्या गळाला आपल्याकडे लावली जाणारी बरीचशी आमिषे चक्क निरामिष आहेत. ज्वारीचे उकडलेले पीठ, गव्हाची कणीक, शेंगदाण्याची पेंड, भाजलेले हरभरे, उंबराचे फळ, ओढ्यातले शेवाळ. गांडूळ, झिंगे, बेडूक आणि कोंबडीची आतडी हीही आहेतच. पण कोणत्या माशाला काय, कोणत्या नक्षत्रात काय आणि कोणत्या पाण्यात काय, याचे जे एक शास्त्र गोदावरीच्या खोऱ्यातल्या भोई-कहार मंडळींकडे आहे, त्यात मांसाइतकेच महत्त्व पिठाला आहे.

जालन्यात, त्यातही मस्तगडात बसून माशांवर लिहिणे हे काहींना विनोदी वाटेल. ज्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी आले हा कट्ट्यावरचा कायमचा विषय, तिथे मासे कुठले? पण याच जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. अंबड, घनसावंगी, परतूर हे तालुके तिच्या काठाचे. शहरातून वाहणारी कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला. शहरालगत मोती तलाव आहे, थोडे पुढे निजामी काळातले घाणेवाडीचे जलाशय आहे. पाण्याची टंचाई माणसाला आहे म्हणून मासा नाही, असे होत नाही. उलट पाणी जितके आटते तितका मासा कोंडाळ्यात सापडतो, आणि त्याच्या खाण्याच्या सवयी काठावरच्या माणसाला तितक्या जवळून पाहता येतात.

या विषयावर वाचायला गेले की इंग्रजी पुस्तकांचा डोंगर समोर येतो, आणि त्या डोंगरात तीन चतुर्थांश जागा ट्राउट नावाच्या एका माशाने व्यापलेली असते. आयझॅक वॉल्टनचे 'द कम्प्लीट अँगलर' हे पुस्तक १६५३ सालचे, म्हणजे शिवाजी महाराजांनी जावळी घेण्याच्या तीन वर्षे आधीचे. तेव्हापासून इंग्रज माणूस ट्राउटला काय खाऊ घालावे या प्रश्नावर लिहीतच आहे. इंग्रज हिंदुस्थानात आले तेव्हा त्यांनी हा मासाही आणला. नीलगिरीत १८६० च्या दशकापासून खटपट सुरू होती, ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फळाला आली. काश्मिरात १९०० साली अंडी पोचली आणि हारवनला पैदास केंद्र उभे राहिले. महाराष्ट्राच्या पठारावर मात्र हा मासा नांदू शकत नाही, आणि त्याचे कारण आमिषाच्या चर्चेला उपयोगी पडणारे आहे. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, गरम पाण्यात कमी. दहा अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तीस अंशांना तो साडेसातवर येतो. ट्राउटला थंड, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. पाण्याचे तापमान पंचविसाच्या वर गेले की त्याच्या जिवावर बेतते. आमच्याकडे मे महिन्यात हवेचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा डबक्यात उरलेल्या पाण्यात मरळ जगते, मांगूर जगतो, कारण ते पृष्ठभागावर येऊन हवा गिळू शकतात. ट्राउटला ती सोय नाही.

तेव्हा ट्राउटची पुस्तके आपल्याला निरुपयोगी काय? माझ्या मते त्यातली पाककृती निरुपयोगी, पद्धत मात्र अनमोल. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एका जागी तोल सांभाळत उभा राहतो आणि वाहत येणारे किडे टिपतो. म्हणून इंग्रज मासेमाराने आधी नदीतले किडे अभ्यासले: कोणती माशी कोणत्या महिन्यात पाण्यातून बाहेर पडते, तिचा रंग काय, ती बुडते की तरंगते. मग पिसे आणि केस गळाला बांधून त्या किड्याची हुबेहूब नक्कल केली. त्या खोट्या माशीला ना वास, ना चव. तरीही मासा ती घेतो. याचा अर्थ असा, की आमिष म्हणजे माशाला कधी न मिळालेला पंचपक्वान्नाचा घास नव्हे. त्या माशाला त्या आठवड्यात, त्या पाण्यात, जे रोज मिळते आहे त्याची ती नक्कल आहे.

हा विचार आपल्याकडे नव्हता असे समजण्याचे कारण नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' उर्फ 'अभिलषितार्थचिंतामणि' हा कोशवजा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातले. मराठवाड्याला ते पुण्याहून जवळ. मराठी वाचकांना हा ग्रंथ माहीत असतो तो त्यातल्या ओवीच्या उल्लेखामुळे: महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही नोंद इथली. त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' असे एक प्रकरण आहे आणि ते गळाच्या मासेमारीवर आहे. सुमारे ३५ प्रकारचे मासे त्यात येतात. समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, आकाराने मोठे, मध्यम, लहान अशी त्यांची प्रतवारी आहे. कोणाला पिठा-दाण्याचे खाद्य द्यावे आणि कोणाला मांसाचे, हे सांगितले आहे. दोरी आणि काठीचाही विचार आहे. ग. कृ. श्रीगोंदेकरांनी संपादित केलेला हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत तीन खंडांत छापला गेला, पहिला खंड १९२५ मध्ये आणि तिसरा १९६१ मध्ये. या प्रकरणाचे मोल ओळखले ते मात्र एका मत्स्यशास्त्रज्ञाने. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. वॉल्टनच्या पाचशे वर्षे आधी दख्खनच्या पठारावर एक राजा माशांच्या जेवणाची यादी करत होता, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात कुठेतरी यायला हवी होती. असो.

सोमेश्वराच्या यादीत महत्त्वाचे काय, तर खाद्य माशागणिक बदलते. हा निरीक्षकाचा दृष्टिकोन झाला. याच्या नेमका उलटा दृष्टिकोन आपल्या धर्मग्रंथांत आहे आणि मराठी मनावर ठसा त्याचाच अधिक. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत मासा एक. मासा जिभेच्या लोभाने गळाला लागतो, म्हणून माणसाने रसना जिंकावी, हा त्याच्याकडून घेतलेला धडा. पैठणच्या एकनाथ महाराजांनी याच स्कंधावर मराठीत टीका केली, ती शके १४९५ म्हणजे १५७३ साली काशीत पूर्ण झाली. नाथांचे घर गोदेच्या काठी. गळ टाकून बसलेली माणसे त्यांनी रोज पाहिली असणार. अध्यात्माच्या अंगाने त्या दृष्टान्ताला मी हात लावणार नाही. तो आपल्या जागी पक्का आहे. पण मत्स्यशास्त्र म्हणून पाहिले तर मासा जिभेच्या चोचल्यांपायी मरतो हे अर्धेच खरे आहे. मासा बहुधा त्याच्या सवयीमुळे मरतो. काही मासे तर चक्क रागाने मरतात, आणि त्यांच्याबद्दल पुढे सांगायचे आहे.

बंगाली भाषेत या कामासाठी दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. पाण्यात आधीपासून टाकून ठेवायचे, माशांना एका जागी गोळा करणारे खाद्य म्हणजे 'चार', आणि प्रत्यक्ष गळाला लावायचे ते 'टोप'. आपल्याकडेही 'चारा टाकणे' आणि 'गळाला लावणे' असा भेद बोलण्यात आहे, पण शहरी हौशी मंडळी तो विसरतात. सुट्टीच्या दिवशी तलावावर जायचे, ब्रेडचा गोळा लावायचा आणि तासाभरात कंटाळून उठायचे, असा त्यांचा क्रम. जाणता माणूस दोन-तीन दिवस ठराविक वेळी ठराविक जागी पेंड आणि कोंडा टाकतो. मासे ती वेळ लक्षात ठेवतात. गळ नंतर येतो.

चाऱ्याचा हा पहिला अर्धा भाग गळाशिवायही चालतो, आणि त्याचे पुरावे आपल्या तीर्थस्थळी आहेत. देहू-आळंदीच्या इंद्रायणीच्या डोहांत, किंवा महाडजवळच्या वाळण कोंडीत, मासे देवाचे मानले जातात. त्यांना कोणी धरत नाही, लाह्या-कुरमुरे-फुटाणे मात्र टाकतात. पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या पावलांची चाहूल म्हणजे अन्न, हे त्या डोहातल्या माशांना ठाऊक आहे. काठावर माणूस दिसला की ते वर येतात. हेच मासे डोहाबाहेर, चार मैल खाली गेले, की माणसाच्या पावलाने पळतात. फुटाणा दोन्हीकडे तोच असतो.

आता प्रत्यक्ष तोंडाकडे वळू. मासा काय खातो हे पुस्तकात शोधण्याआधी त्याचे तोंड पाहावे. कटल्याचा खालचा जबडा पुढे आलेला, तोंड वरच्या बाजूला वळलेले; तो पाण्याच्या वरच्या थरात तरंगते सूक्ष्मजीव गाळून खातो. रोहूचे तोंड थोडे खाली झुकलेले, ओठांना झालर; तो मधल्या थरातला. मृगळाचे तोंड जमिनीकडे. तो तळातला गाळ चाळतो. शेततळ्यात या तिन्ही जाती एकत्र सोडतात त्याचे कारण हेच, की एकाच पाण्यात तीन मजल्यांवर तीन बिऱ्हाडे राहतात आणि भांडणे होत नाहीत. गळ टाकणाऱ्यानेही मजला आधी ठरवायचा. बुचापासून गळ किती खाली सोडायचा, यात आमिषाची निम्मी निवड होऊन जाते. कटल्यासाठी गोळा असा हवा की पाण्यात पडताच त्याची कड विरघळू लागेल आणि भोवती पिठाचा ढग होईल. कटला घास चावत नाही, ढग ओढतो. त्या ढगात गळ असला पाहिजे. म्हणून कटल्याच्या पिठात कोंडा आणि सातू जास्त, चिकटपणा कमी. मृगळाला याच्या उलट. गोळा घट्ट, जड, तळाला जाऊन पाव तास टिकणारा. त्यात उकडलेला भात मळतात किंवा कणीक गरम पाण्यात भिजवतात, म्हणजे ती तुटत नाही. रोहू दोन्हींच्या मधला, आणि लहरी.

या तिघांच्याही जबड्यात दात नाहीत. दात आहेत ते घशात. मासा घास तोंडात ओढतो, टाळूच्या मऊ गादीवर तपासतो, नको असेल तर क्षणात बाहेर फुंकतो. बूच नुसते थरथरते, बुडत नाही, तेव्हा खाली हे चाललेले असते. नवखा माणूस थरथरीला झटका देतो आणि रिकामा गळ वर येतो. आमिष जितके मऊ तितकी ही तपासणी लांबते. त्यात कडक कण निघाला, हरभऱ्याचे साल निघाले, की मासा सोडून देतो. पेंड चाळणीतून काढण्याचा खटाटोप याचसाठी.

वासाविषयी सर्वाधिक गुप्तता पाळली जाते. प्रत्येक गळवाल्याकडे एक पुरचुंडी असते आणि तिच्यात काय आहे हे तो सांगत नाही. हिंग, लसूण, मेथी, बडीशेप, गूळ, हळद, वेखंड ही नावे मी ऐकली आहेत. बंगालात तर एकांगी नावाच्या सुगंधी कंदापासून तयार मसाल्यांच्या पुड्या बाजारात मिळतात. माशाची नाकपुडी घशाशी जोडलेली नसते. पाणी एका छिद्रातून आत शिरते, दुसऱ्यातून बाहेर पडते, आणि मधल्या घड्यांवर वास कळतो. हा वास मुख्यतः अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिने फुटून जे तुकडे होतात त्यांचा. यावरून एक गोष्ट सरळ निघते. शेंगदाण्याची पेंड रात्रभर, उन्हाळ्यात दोन रात्री, पाण्यात आंबवली की तिच्यातली प्रथिने फुटतात आणि विरघळून पाण्यात पसरतात. आंबट वास आपल्याला नकोसा, माशाला तो जेवणाचा निरोप. माझे मत विचाराल तर पुरचुंडीतले बहुतेक मसाले हे मासे धरणाऱ्याच्या अभिमानासाठी आहेत आणि काम करते ती आंबलेली पेंड. हिंगाच्या बाजूने बोलणारे पुष्कळ भेटतील. त्यांनी एकदा हिंगाशिवाय आणि एकदा पेंडेशिवाय बसून पाहावे.

शिंगाड्यासारखे बिनखवल्यांचे, मिशाळ मासे हा निराळाच कारभार. त्यांच्या मिशांवरच नव्हे, तर अंगभर चव कळणाऱ्या पेशी असतात. असा मासा म्हणजे पोहणारी जीभ. गढूळ पाण्यात आणि रात्री, जिथे रोहूचे डोळे कामाला येत नाहीत, तिथे याचे राज्य. त्याला पीठ चालत नाही. कोंबडीची आतडी, झिंगे, गांडुळाचा झुपका. गांडूळ अखंड लावण्यापेक्षा चिरून लावले तर लवकर लागतो, कारण चव पाण्यात उतरते. पहिल्या पुराच्या लाल पाण्यात जो कणीक घेऊन बसतो तो उपाशी उठतो, हे म्हणून.

आवाजाचीही एक बाब आहे. रोहू-कटला वर्गातल्या आणि मिशाळ माशांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. पाण्यातला आवाज त्या पिशवीत घुमतो आणि कानात पोचतो. बांधावर पाय आपटायचा नाही, काठी दगडावर टेकवायची नाही, ही जुनी शिस्त अंधश्रद्धा नव्हे. उंबराचे फळ लावणारे तर आवाजाचाच वापर करतात. काठावर उंबर असेल तर फळे पाण्यात पडतात, आणि महसीरासारखा फळे खाणारा मासा त्या 'टप्प' आवाजावर येतो. म्हणून उंबर गळाला लावून अलगद सोडायचे नसते, वरून टाकायचे असते. नक्कल फळाची नाही, फळ पडण्याची करायची.

ऋतूंचे गणित मासेमार नक्षत्रांवर ठेवतात. मृगाच्या पहिल्या सरीनंतर संध्याकाळी वाळवीला पंख फुटतात, दिव्याभोवती खच पडतो. तोच खच नदीवरही पडतो. त्या दोन-चार दिवसांत पाण्याच्या वरच्या थरातले सगळे मासे फक्त वाळवी खातात. वाळवीची माशी गळाला लावली तर क्षणाचा अवकाश लागत नाही आणि दुसरे काही लावले तर ढुंकून पाहत नाहीत. इंग्रजाची ट्राउट आणि तिची माशी आपल्याकडे असेल तर ती या चार दिवसांत. त्यानंतर चढण सुरू होते. पुराच्या उलट दिशेने मासे ओढ्या-नाल्यांत चढतात, अंडी घालायला. पोट अंड्यांनी भरलेले असते, खाण्याकडे लक्ष नसते. चढणीचा मासा गळाला फारसा लागत नाही. तो जाळ्याने, सापळ्याने आणि नुसत्या काठीनेही मारला जातो. म्हणजे गळ ही अशी पद्धत आहे की विणीच्या मादीला ती बहुधा आपोआप वगळते. जाळ्याला ते जमत नाही. हस्त-चित्रात पाणी निवळते आणि पिठाचे दिवस येतात. दिवाळीच्या आगेमागे रोहूला गळाची उत्तम वेळ. थंडीत माशाचे पचन मंदावते, कारण त्याच्या अंगाचे तापमान पाण्याबरोबर उतरते. तेव्हा गोळा बोराएवढा असेल तर तो ज्वारीच्या दाण्याएवढा करावा आणि चारा जवळजवळ बंद ठेवावा. पोट भरलेला मासा थंडीत दोन दिवस खात नाही.

मरळीचा प्रसंग स्वतंत्र सांगितला पाहिजे. मरळ शिकारी; बेडूक आणि लहान मासे तिचे अन्न. पण मरळ मारण्याची सर्वांत खात्रीची रीत भुकेवर चालत नाही. मरळीची जोडी पिलांची राखण करते. पिले लालसर-नारिंगी रंगाच्या पुंजक्याने पृष्ठभागाशी फिरतात, आणि आईबाप त्यांच्या खाली. त्या पुंजक्यावरून गळाला लावलेला बेडूक ओढत नेला की मरळ उसळी घेऊन तो तोंडात धरते. तिला बेडूक खायचा नसतो, हाकलायचा असतो. भागवतातल्या मीनगुरूला हे लागू पडत नाही; इथे रसनेचा संबंधच नाही. आईबाप गेले की ती पिले एक-दोन दिवसांत इतर माशांच्या पोटात जातात. शहागडच्या बाजूला एका वृद्ध भोयाने मला सांगितले की त्यांच्या घरात पुंजक्यावर गळ फिरवणाऱ्याला जेवायला वाढत नसत. तो नियम आता कोणी पाळत नाही, असेही त्यानेच सांगितले. बेडकाचीही बाजू आहे. परदेशी पाठवण्यासाठी बेडूक इतके मारले गेले, की १९८७ साली सरकारला त्यांच्या पायांची निर्यात बंद करावी लागली. शेतातले किडे खाणारा प्राणी आमिष म्हणून जिवंत टोचणे मला तरी पटत नाही. रबरी बेडूक मिळतो आणि मरळ त्यालाही तितकीच चिडते.

इथवर जे सांगितले त्यातले पुष्कळसे एका गृहीतावर उभे आहे: नदीत अनेक प्रकारचे मासे आहेत आणि प्रत्येकाचे जेवण वेगळे आहे. हे गृहीत ढासळत चालले आहे.

कर्नल विल्यम साइक्स हा कंपनी सरकारचा सांख्यिकी अधिकारी १८२० च्या दशकात दख्खनमध्ये फिरला. त्याने इथल्या माशांचे वर्णन करून १८३९ च्या सुमारास ते लंडनला प्रसिद्ध केले. त्याचे एक वैशिष्ट्य असे, की त्याने कोळ्या-भोयांच्या तोंडची नावे तशीच उचलून लॅटिन नावांत बसवली. म्हणून आज जगभरच्या संग्रहालयांत 'टॉर खुद्री', 'लेबिओ बोगट', 'लेबिओ कावरस', 'लेबिओ पोटेल', 'रिटा गोगरा', 'मिस्टस सिंगटी', 'गारा मुल्या', 'हिप्सेलोबार्बस कोलस' अशी मराठी नावे शास्त्रीय म्हणून मिरवतात. नाकावर बोंड असलेल्या माशाला 'नुक्ता' म्हटले आहे; हा आपला 'नकटा' असणार हे सांगायला भाषाशास्त्रज्ञ नको. त्या नावांमागे त्यांची आमिषेही होती. दगडावरचे शेवाळ खरवडून खाणारे मासे आहेत, त्यांना ओढ्यातले लांब हिरवे शेवाळ गळाभोवती गुंडाळून लावत. आज शेवाळ लावणारा माणूस मला गोदाकाठी एकच भेटला, आणि त्याला मासा कोणता लागतो असे विचारल्यावर तो म्हणाला, आता लागत नाही, हात सवयीने लावतो.

काय घडले ते थोडक्यात. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही यांनी संप्रेरकाची सुई टोचून कार्प माशांची पैदास करून दाखवली, आणि रोहू-कटला-मृगळाचे बीज कारखान्यातल्या मालासारखे उपलब्ध झाले. देशाच्या पोटाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती. जायकवाडीचा पाया १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते घातला गेला, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले, आणि पैठणच्या वर वाहत्या गोदावरीचा नाथसागर झाला. वाहत्या पाण्यातले, दगडाला चिकटून खाणारे मासे साचलेल्या पाण्यात राहत नाहीत. जलाशयांत मत्स्यबीज सोडायचे, सहकारी संस्थेने ठेका घ्यायचा, जाळी लावायची, हा नवा व्यवहार बसला. त्याआधीच, १९५२ साली, आफ्रिकेतली तिलापिया देशात आणली गेली होती. उजनीकाठी तिला चिलापी म्हणतात. ती शेवाळ खाते, गाळ खाते, किडे खाते, दुसऱ्यांची अंडी खाते, ब्रेडही खाते. तिला पकडायला शास्त्र लागत नाही. ज्या पाण्यात चिलापी माजली, तिथे आमिष निवडण्याची गरजच संपली, आणि गरज संपली की विद्या एका पिढीत जाते. पोरे आता मैद्याच्या गोळ्यावर भागवतात. कुंडलिकेच्या शहरातल्या पात्रात तर सांडपाण्यात तग धरणारेच मासे उरले. तिथे जे गळाला लागते ते खावे की नाही हा प्रश्न आमिषाच्या आधी येतो.

भोई समाजातल्या तरुणांना दोष देण्याची पद्धत आहे, की त्यांनी बापाची विद्या टाकली. मला ते अन्यायाचे वाटते. ठेका संस्थेच्या नावावर, बीज सरकारी केंद्रातले, जाळे नायलॉनचे, बाजारात भाव किलोवर; यात गळ घेऊन दिवसभर बसणाऱ्याचा हिशोब बसत नाही. गळ उरला आहे तो दोन टोकांना: महागड्या काठ्या घेऊन धरणावर येणारे हौशी, आणि ज्यांच्याकडे जाळ्याचेही पैसे नाहीत ते. पहिल्यांना माहिती परदेशी चित्रफितींतून मिळते, तिथे पुन्हा ट्राउट असतो. दुसऱ्यांना कोणी विचारत नाही.

हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या मुलकी अधिकाऱ्याने १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' लिहिले आणि १८८७ साली केवळ तलावातल्या मासेमारीवर 'टँक अँगलिंग इन इंडिया' असे वेगळे पुस्तक काढले. मराठवाड्यासारख्या तलावांच्या मुलखाला दुसरे पुस्तक अधिक जवळचे. मराठीत असे एकही पुस्तक मला आढळलेले नाही, आणि आता लिहायचे तर ते गोदाकाठच्या साठी-सत्तरीच्या माणसांना विचारूनच लिहावे लागेल. विचारताना एक पथ्य उपयोगी पडले आहे. 'तुम्ही आमिष काय वापरता' असे विचारले की उत्तर 'कणीक' येते आणि बोलणे संपते. त्याऐवजी माशाचे नाव घेऊन विचारावे: बोगट काय खायचा? घोगऱ्या कुठल्या महिन्यात यायचा? वाम गांडूळ घ्यायची की झिंगा? मग म्हातारा थोडा वेळ पाण्याकडे बघतो आणि बोलायला लागतो. अशा नोंदींच्या माझ्या वहीत आजवर एकोणीस माशांची पाने झाली आहेत. त्यांतल्या सात पानांवर माशाचे नाव आहे, महिना आहे, आमिष आहे, आणि शेवटचा कधी लागला या रकान्यात सांगणाऱ्याने धरणाच्या आधीचे साल दिले आहे.